‘पोलिसांत गेले तर माझाच मुलगा आत जाईल ना?’

वस्तीत काम करताना आया हा प्रश्न मला हमखास विचारतात, तोही आवाज खाली आणून. मुलाच्या पायात अचानक महागडे बूट येतात, खिशात दुसरा मोबाईल सापडतो, शाळेतून गैरहजेरीचा निरोप येतो आणि कुणा ‘दादा’चं नाव सारखं त्याच्या तोंडी असतं. काहीतरी बिनसलंय हे आईला कळतं. पण बोललं तर पोलीस आणि गप्प बसलं तर तो दादा, अशी तिची कोंडी होते. पुण्याच्या एका उपनगरातल्या अशा कुटुंबाबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई चार घरी पोळ्या करायची, मुलगा नववीत होता. ‘रात्री झोपत नाही, विचारलं की अंगावर येतो,’ असं सांगून तिने त्याला माझ्याकडे आणलं. तो जमिनीकडे बघत बसायचा. शाळा का बुडवतोस, हे मी विचारलंच नाही. एकदा विचारलं, ‘तुला कुणाचे पैसे द्यायचेत का?’ तेव्हा त्याला रडू फुटलं.

दादाने आधी वडापाव खिलवले, गाडीवर मागे बसवून फिरवलं, वाढदिवसाला बूट घेऊन दिले. मग ‘एवढं पाकीट कोपऱ्यावर देऊन ये’. पाकिटात गांजा आहे हे मुलाला कळलं तोवर चार-पाच फेऱ्या झाल्या होत्या. एका संध्याकाळी दोघांनी त्याला मारून पाकीट हिसकावलं. दादा म्हणाला, ‘माल बुडवलास. पंधरा हजार झाले. फेडेपर्यंत काम करायचं, नाहीतर घर माहितीये.’ अशी हिसकाहिसकी पुष्कळदा दादाच्याच माणसांनी घडवलेली असते. पण मुलाला तसं वाटत नाही. चूक आपली, कर्ज आपलं, म्हणून तो तोंड मिटून राबत राहतो.

‘मॅडम, कानातलं मोडते आणि पंधरा हजार देऊन टाकते,’ आई म्हणाली. मी तिला थांबवलं. पैसे दिले की हे घर देऊ शकतं एवढंच त्यांना कळतं आणि पुढचा आकडा येतो.

तिच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार, अमली पदार्थांच्या व्यापारात ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं. त्याचं प्रकरण अशा मुलांच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे जातं. मुलाकडून नशेचा माल पोचवून घेणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ ही लागू आहे. मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला त्यात किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची कैद आहे. मूल मालासकट पकडलं गेलं, तरी त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळापुढे, न्यावं लागतं. ते मूल खरं तर संरक्षणाच्या गरजेतलं आहे असं दिसलं, तर मंडळ प्रकरण समितीकडे पाठवू शकतं.

कायदा असा असला तरी तो आपोआप चालत नाही. या मुलाबाबत प्रत्येकाला थोडंथोडं माहीत होतं. मधल्या सुट्टीनंतर तो गायब होतो हे वर्गशिक्षिकेच्या हजेरीपटावर होतं. दवाखान्यात हाताला टाके घातले होते, ‘सायकलवरून पडलो’ अशी नोंद होती. पोलीस ठाण्याला दादा ठाऊक होता, पण तो शाळकरी पोरं वापरतो हे ठाऊक नव्हतं. आईला बूट दिसले होते. कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

आईच्या संमतीने मी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवलं. तिथल्या बाल संरक्षण अधिकाऱ्यांनी शिक्षिका, ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि मी, अशा सगळ्यांना एकत्र बसवलं. असा बाल कल्याण पोलीस अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असायला हवा, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. बैठकीत वाद झाला. पोलिसांना लगेच जबाब हवा होता, दादा हातचा निसटेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण मी अडून बसले. आज रात्री हा मुलगा कुठे झोपणार, हे आधी ठरवा. त्याला खबरी करून त्याच गल्लीत परत सोडलं, तर त्याचं काय होईल याची जबाबदारी कोण घेणार? याबाबतीत मी आजही तडजोड करणार नाही.

समितीने त्याला देखरेखीखाली दुसऱ्या तालुक्यात मामाकडे राहू दिलं. मग साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने आईसमोर जबाब घेतला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाला. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. शाळेने दाखला हातात द्यायची तयारी केली होती, ती वर्गशिक्षिकेने हट्टाने थांबवली. दोन माणसांवर गुन्हा दाखल झाला, खटला चालू आहे. धमक्या मधूनमधून येतात, प्रत्येक वेळी आई त्या पोलिसांत नोंदवते.

तुमच्या घरी असं काही दिसत असेल, तर दादाला जाब विचारायला जाऊ नका, मुलाचा मोबाईल फोडू नका. त्यातले निरोप हाच पुरावा असतो. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक चोवीस तास फुकट लागतो.

आईने अलीकडे विचारलं, पुढे नोकरीच्या पडताळणीत हे निघेल का? तो समितीपुढे संरक्षणासाठी गेला, त्याच्यावर गुन्हाच नोंदलेला नाही. ज्यांची मुलं मंडळापर्यंत पोचली आहेत, त्यांनी बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ वकिलाकडून समजून घ्यावं. मंडळाने गुन्हा झाल्याचं ठरवलं तरी त्यामुळे मूल पुढे अपात्र ठरत नाही. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलांवर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालतो, त्यांचा अपवाद.