ग्रंथपाल संघटनेची वर्गणी भरावी का?

तुमचा प्रश्न असा: ग्रंथालयशास्त्राची पदवी हातात आली, एका महाविद्यालयात एकट्याच ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, आणि आता ओळखीचे म्हणतात संघटनेचं सभासद व्हा. वर्गणी वाया जाईल का?

बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून भरणार असाल तर नका भरू. मी तशीच भरली होती. मुलाखतीत त्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वर्षभर वार्तापत्र यायचं, त्यात निम्मे सत्काराचे फोटो. वार्षिक सभेला एकदा गेलो तर दीड तास मागच्या सभेच्या इतिवृत्तावर वाद. तिसऱ्या वर्षी वर्गणी भरायची विसरलो, आणि विसरलोय हेही सात-आठ महिन्यांनी लक्षात आलं.

पण मधल्या काळात एक काम झालं होतं, त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. संघटनेची कॅटलॉगिंगवर, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्यावर, दोन दिवसांची कार्यशाळा होती. तिथे एका ज्येष्ठ ग्रंथपालबाईंनी मला नंबर दिला आणि म्हणाल्या, "अडलं की फोन करायचा, लाजायचं नाही."

अडलं दोन वर्षांनी. जुन्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या नोंदी 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या होत्या. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी नीट आल्या, मराठी पुस्तकांच्या शीर्षकांचं मात्र पार भरीत. अक्षरांच्या जागी भलतीसलती चिन्हं. कॉम्प्युटरवाला म्हणाला फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. चार दिवस मी फॉन्ट बदलत बसलो. पाचव्या दिवशी बाईंना फोन लावला. त्यांनी फॉन्टचं नावही काढलं नाही. विचारलं ते लीडरबद्दल, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला असते त्या संकेतांच्या ओळीबद्दल.

"एक नोंद उघडा आणि लीडर वाचून दाखवा. नवव्या जागी काय आहे?"

"मोकळी आहे."

"मग यंत्र ती नोंद मार्क-8 या जुन्या अक्षर-संकेतातली समजून वाचतंय. तिथे इंग्रजी लहान लिपीतला 'a' घाला, युनिकोडची खूण आहे ती."

मी घातला, काही फरक नाही. पुन्हा फोन. बाई हसल्या. "एकपासून मोजलंत ना? लीडरच्या जागा शून्यापासून मोजतात." म्हणजे डोळ्यांना दिसणारं दहावं अक्षर. आधी नोंदींची एक प्रत काढून तिच्यातल्या वीस दुरुस्त करून पाहिल्या, मग मार्कएडिट या नोंदी सुधारायच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या एकदम. संध्याकाळपर्यंत मराठी शीर्षकं जागेवर. दुसऱ्याच दिवशी मी थकलेली वर्गणी भरून टाकली.

आपल्या नोकरीत एक गोष्ट चमत्कारिक आहे. हिशेबनीसाच्या शेजारी दुसरा हिशेबनीस बसतो, शिक्षकाला शिक्षक-खोली असते. ग्रंथपाल बहुतेक ठिकाणी एकटाच. अख्ख्या इमारतीला वाटतं की हा पुस्तकं देतो आणि घेतो. वर्गांक चुकला तर सांगणारं कुणी नाही, अचूक लावला तरी कळणारं कुणी नाही. दहा वर्षं असं बसलं की माणूस स्वतःच्या चुकांनाच पद्धत म्हणायला लागतो. (आमच्याकडे 'संकीर्ण' नावाचं एक कपाट होतं. त्यात काय काय होतं ते सांगत नाही.)

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेच असतील. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले तेव्हा त्या एकांताला इतके कंटाळले की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले. मग इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली, आणि कामाकडे बघायची नजरच बदलली. 1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, त्याचे ते सचिव. पाच नियमांचं पुस्तक 1931 मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण ही त्यांची पुस्तकं विषयवार लावायची पद्धत 1933 मध्ये, दोन्ही याच संघानं छापली. आपण नियम घोकतो, प्रकाशकाची ओळ वाचत नाही.

आता दुसरा फायदा. एकदा एक वरिष्ठ देवघेवीच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, अमुक पुस्तक कोणकोण घरी नेतंय त्याची यादी द्या. कारण विचारलं तर गोलमोल. 'मला योग्य वाटत नाही' असं म्हणालो असतो तर ते माझं मत ठरलं असतं, आणि कनिष्ठाच्या मताला कोण विचारतं! मी 'इफ्ला' या ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 2012 ची आचारसंहिता छापून समोर ठेवली. वाचकाची माहिती गुप्त ठेवावी असं त्यात स्पष्ट आहे. तो कागद वाचून ते निघून गेले. ती संहिता मला कार्यशाळेत मिळालेल्या फाइलमध्ये होती, नाहीतर असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

संघटना म्हणजे युनियन नव्हे, हेही लक्षात असू द्या. पगार, बदली, कायम होणं यासाठी ती तुमच्या वतीनं भांडेल अशी आशा ठेवलीत तर चिडचिड होईल. परदेशी जायचा विचार असेल तर नियम देशागणिक वेगळे: ब्रिटनमध्ये 'सिलिप' या तिथल्या ग्रंथपाल संघटनेचा चार्टर्ड दर्जा, म्हणजे व्यावसायिक मान्यता, हवा तर तिचं सभासद असावं लागतं. अमेरिकेत बऱ्याच जाहिरातींत 'अला'ची, म्हणजे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची, मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी मागतात, तिथे तुम्ही स्वतः सभासद आहात की नाही याला महत्त्व नाही.

तेव्हा एक वर्ष भरून बघा. आजीव सभासदत्व लगेच घेऊ नका, आधी संघटना जिवंत आहे का ते पाहा: गेल्या वर्षभरात कार्यशाळा किती झाल्या, आणि त्यात शिकवणारे रोज स्वतः कॅटलॉगिंग करणारे होते की नुसते भाषण देणारे? दोन्हीची उत्तरं निराशाजनक असतील तर दुसरी संघटना शोधा, महाविद्यालयीन किंवा विषयवार ग्रंथपालांचे गटही असतात. सभासदत्व स्वतःच्या नावानं घ्या. संस्थेच्या नावानं घेतलेलं नोकरी बदलली की खुर्चीबरोबर तिथेच राहतं. आणि पहिल्याच सभेत इतिवृत्त लिहायला कुणी तयार नसेल तर तुम्ही हात वर करा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यांची नावं, नंबर आणि कोण कशात तरबेज आहे ते महिनाभरात कळतं.