मेंढपाळांवर लिहिणारा जहागीरदार

प्रश्न : राकां नावाचा जुना फ्रेंच कवी मेंढपाळांवर लिहायचा म्हणे. तो स्वतः मेंढपाळ होता का? नसेल तर सगळं खोटंच म्हणायचं ना?

उत्तर : छे हो, मेंढपाळ कुठला! १५८९ साली खानदानी घराण्यात जन्मला, पोरवयातच चौथ्या हेन्री राजाच्या दरबारात चाकरीला लागला, पुढे सैन्यातही गेला. दरबारातच त्याला मालेर्ब भेटला, त्या काळचा कवितेतला सगळ्यात कडक मास्तर, आणि हा त्याचा लाडका चेला, पण मास्तरांची कायम तक्रार की पोरगा हुशार आहे, ओळींवर मेहनत घेत नाही. मला विचाराल तर बरंच झालं, मालेर्ब वाचताना कौतुक वाटतं, राकां वाचताना मोकळं वाटतं.

१६२५ ला त्याचं 'बेर्जरी' नाटक छापलं गेलं. त्यातले मेंढपाळ मेंढ्या कमी राखतात, प्रेमात जास्त पडतात, एक जण तर जादूच्या आरशात भलतंच दाखवून नायिकेचं मन फिरवतो, तेव्हाची फॅशनच ती, आज जरा कंटाळा येतो. पण शेवटाकडे एक म्हातारा बोलतो, आपल्याच मेंढ्यांचं दूध प्यावं, त्यांच्याच लोकरीचे कपडे घालावेत, त्यात काय सुख आहे म्हणून, तिथे मात्र कवी मनापासून बोलतोय हे कळतं.

म्हणून खोटं नाही म्हणणार मी. दरबार सोडावा का हा त्याचा खराच घोळ होता. बाप, पोरगा आणि गाढवाची गोष्ट आठवते ना, कसंही चाललं तरी लोक नावं ठेवतातच ती? ला फोंतेन या फ्रेंच बोधकथाकाराने १६६८ मध्ये ती लिहिली तेव्हा सुरुवातीला राकांलाच आणलंय : गावी राहू, सैन्यात जाऊ की दरबारात, असं तो मालेर्बला विचारतो आणि उत्तर म्हणून मालेर्ब ही गोष्ट सांगतो.

त्याची सगळ्यात गाजलेली कविता याच विषयावरची आहे, मित्राला म्हणतो चल बाबा आता निवृत्त होऊ, अर्ध्याहून जास्त आयुष्य सरलं. हे लिहिताना वय तिशीच्या आसपास, आणि माणूस जगला ८० वर्षं! पुढे फ्रान्सच्या तुरेन प्रांतात वाडा बांधून राहिलाही, स्तोत्रं लिहिली, फ्रेंच अकादमी या पॅरिसमधल्या भाषा-साहित्याच्या संस्थेच्या पहिल्या सदस्यांतही तो होताच, म्हणजे पॅरिस काही पुरतं सुटलं नाही, मेलाही तिथेच १६७० ला.

वाचायचा असेल तर नाटकाच्या नादी लागू नका, आधी ती निवृत्तीची कविता घ्या.