कठोर शिक्षेने देशातील अमली पदार्थांचा प्रश्न सुटेल का?

सिंगापूरसारखी फाशीची शिक्षा आणली, तर आपल्या देशातील अमली पदार्थांचा व्यापार बंद पडेल का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत फौजदारी वकिली करतो आणि तसे होईल असे मला वाटत नाही. फाशीची मागणी करणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसते की, या बाबतीतला आपला कायदा मुळातच अतिशय कडक आहे.

1985 च्या या कायद्यात, ज्याला कोर्टात आम्ही सगळेच एनडीपीएस म्हणतो, व्यापारी प्रमाणातील मालासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. हेरॉइनचे व्यापारी प्रमाण 250 ग्रॅम, गांजाचे 20 किलो आणि सध्या गाजणाऱ्या एमडीचे, म्हणजे मेफेड्रोनचे, अवघे 50 ग्रॅम धरले जाते. एवढा माल सापडला की जामीन जवळजवळ मिळतच नाही, कारण आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी आधार आहे याची खात्री न्यायाधीशांना खटला चालण्यापूर्वीच पटावी लागते. 1989 मध्ये तर मोठ्या प्रमाणातील ठरावीक गुन्हे पुन्हा करणाऱ्याला फाशी सक्तीची करण्यात आली होती. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये दूर केली आणि 2014 मध्ये कायदाही तसा बदलला. मात्र न्यायाधीशांना योग्य वाटल्यास फाशी देण्याची तरतूद आजही कायद्यात आहे.

हाच कायदा लागू असताना आमच्या जिल्ह्यात काय घडले ते पाहावे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून शंभर किलोहून अधिक एमडी जप्त केले. त्या बातम्या ताज्या असतानाच, पुढच्या महिन्यात, मुंबई पोलिसांना कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे एमडी बनवण्याचा कारखाना सापडला, आणि जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक. (पहिल्या दोन धाडी बाहेरच्या पोलिसांना टाकाव्या लागल्या, हे अनेक सांगलीकरांना आजही बोचते.) वीस वर्षांची कैद समोर दिसत असताना माणसे या धंद्यात उतरतात, कारण पोलीस एमडीची किंमत किलोला सुमारे दोन कोटी रुपये धरतात, आणि ते तयार करायला सीमेपलीकडून काही आणावे लागत नाही; आडबाजूची शेड, काही रसायने आणि ती हाताळता येणारा एखादा माणूस पुरतो. एक टोळी गजाआड गेली, तरी गिऱ्हाईक तेवढेच राहते, भाव थोडा चढतो आणि रिकामी जागा दुसरी टोळी भरून काढते.

शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती होण्याची खात्री किती आहे, याचा गुन्हेगार अधिक विचार करतो, आणि माझ्या अनुभवात शिक्षा वाढली की खात्री घटते. शिक्षा जेवढी कठोर तेवढी आरोपीच्या संरक्षणासाठीची प्रक्रिया काटेकोर पाळली गेली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने बलदेव सिंग खटल्यात 1999 मध्येच सांगितले आहे. त्यामुळे खबर लगेच लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवली होती का, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर अंगझडती मागण्याचा हक्क आरोपीला समजावून दिला होता का, सील कोणाच्या ताब्यात होते, मुद्देमालाच्या नोंदवहीतील वजन प्रयोगशाळेच्या अहवालाशी जुळते का, या प्रश्नांवर खटला उभा राहतो किंवा कोसळतो. त्यातच पंच फितूर झाले तर सरकारी वकिलांच्या हाती फारसे काही उरत नाही. या त्रुटी शोधणे हे बचाव पक्षाच्या वकिलाचे कामच आहे आणि ते मी विनासंकोच करतो.

शिवाय आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा पुड्या विकणारा किंवा माल पोहोचवणारा पोरगाच उभा असतो. ज्याचे पैसे गुंतलेले असतात, त्याचे नाव अनेकदा फक्त पकडलेल्याच्या जबाबात येते, आणि तोफान सिंग खटल्याच्या 2020 मधील निकालानंतर तपास अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. त्या माणसापर्यंत पोहोचायचे, तर बँक खाती, फोनच्या नोंदी आणि रसायनांच्या खरेदीची बिले महिनोन्महिने तपासावी लागतात. हे काम खर्चिक आणि कंटाळवाणे आहे. फाशीची घोषणा करायला काहीच खर्च येत नाही.

सिंगापूरमध्ये 15 ग्रॅमपेक्षा अधिक शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे आणि तेथे व्यसनाचे प्रमाण कमी आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ते साडेसातशे चौरस किलोमीटरही क्षेत्रफळ नसलेले शहर आहे; एकटा सांगली जिल्हा साडेआठ हजारांच्या पुढे आहे. तेथे लघवीची तपासणी, सक्तीचे पुनर्वसन आणि सुटकेनंतरची देखरेख हेही सारे चालते, ज्याचा उल्लेख फाशीचे समर्थक क्वचितच करतात. इराणने मात्र वर्षानुवर्षे तस्करांना फासावर दिले आणि अखेर 2017 मध्ये फाशीसाठीची हेरॉइनची मर्यादा 30 ग्रॅमवरून 2 किलोवर नेली. आपल्याकडे गुजरातने विषारी दारूने मृत्यू झाल्यास फाशीची तरतूद केली, तरीही जुलै 2022 मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे त्याच दारूने दगावली.

राहिला सेवन करणारा. केंद्र सरकारने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. साताऱ्यातील परिवर्तनसारखी व्यसनमुक्ती केंद्रे तालुक्यातालुक्यात असती, तर एमडीचे गिऱ्हाईक कमी करण्याचा काही मार्ग निघाला असता. आपल्या घरात किंवा ओळखीत असा कोणी असेल, तर एक तरतूद अवश्य लक्षात ठेवावी: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास, कलम 64अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. पोलिसांच्या भीतीने अनेक आईवडील मुलाला घरातच दडवून ठेवतात आणि त्यात उपचाराची वेळ निघून जाते. चौकशीसाठी केंद्र सरकारचा 14446 हा निःशुल्क क्रमांक आहे.