एकाच घराण्याचे वाचक

*कॉमिक्सच्या वाचकांची प्रकाशकनिष्ठा या एकाच विषयावर यावेळी चार पत्रे आली आहेत. त्यांपैकी पहिल्या पत्राचे उत्तर थोडे विस्ताराने दिले आहे.*

प्रश्न : माझे वय ५४ आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी मार्व्हलचे एक कॉमिक हाती आले, तेव्हापासून मी त्याच संस्थेचे अंक घेत आलो आहे. मधल्या काळात लेखक बदलले, चित्रकार बदलले, कंपनीचे मालक बदलले आणि काही वर्षे तर कथा इतक्या सुमार होत्या की त्या मी केवळ नेमाने वाचल्या. तरीही डीसी या प्रतिस्पर्धी संस्थेचा एखादा अंक चार जाणकारांनी वाखाणला, तरी माझा हात त्याकडे वळत नाही. मुलगी म्हणते की हा निव्वळ हट्ट आहे. कथा आवडली तर वाचावी, ती छापली कोणी हे कशाला पाहायचे? मला तिला उत्तर देता आले नाही. ही निष्ठा नेमकी कशातून येते?

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे कादंबरीच्या बाबतीत अगदी रास्त आहे. कादंबरीचा वाचक लेखकाच्या मागे जातो आणि प्रकाशकाचे नाव सहसा पाहतही नाही. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये मात्र पात्राची मालकी बहुतेक वेळा लेखकाकडे नसून प्रकाशकाकडे असते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघा तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले, आणि त्यानंतर सुपरमॅन कोणीही लिहिला, कोणीही रेखाटला, तरी त्याचे घर बदलले नाही. पात्राची ओढ असलेल्या वाचकाला त्या घराच्या दाराशीच जावे लागते. अर्थात यातून एका पात्रावरचा जीव समजतो. ज्यांतल्या निम्म्या पात्रांशी आपले फारसे सख्य नाही अशी सबंध संस्थाच आपली का वाटावी, हे यातून समजत नाही.

मार्व्हलपुरते बोलायचे, तर त्याचे मूळ एका अडचणीत आहे. मार्टिन गुडमन यांची कंपनी, जी पुढे मार्व्हल म्हणून ओळखली गेली, १९५७ साली वितरकाशिवाय उघडी पडली आणि तिला आपले अंक इंडिपेंडंट न्यूज या वितरण कंपनीकडे सोपवावे लागले. ही कंपनी डीसीच्याच मालकांची होती. तिने महिन्याला साधारण आठच अंक उचलण्याची अट घातली. प्रतिस्पर्ध्याने आवळलेल्या या दोरीचा परिणाम असा झाला की १९६१ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ आणि पाठोपाठ हल्क, थॉर, स्पायडरमॅन अवतरले, तेव्हा मार्व्हलच्या या नव्या नायकांची सगळी कॉमिक्स वाचणे एखाद्या मुलाला सहज शक्य होते. ही सगळी मंडळी एकाच न्यूयॉर्क शहरात राहत होती, एकमेकांच्या गोष्टींत डोकावत होती, आणि एखाद्या चौकटीच्या तळाशी तारांकित टीप देऊन संपादक सांगत असे की हा प्रसंग अमुक मालिकेच्या तमुक अंकात घडला आहे. ती टीप वाचणाऱ्या मुलापुढे दोनच पर्याय उरत : तो अंक आपल्याकडे असल्याचा आनंद, किंवा तो नसल्याची रुखरुख. दोन्हींतून तो पुढच्या अंकाकडेच ढकलला जाई.

डीसीमध्ये त्या काळी असे घडत नव्हते. सुपरमॅनची कॉमिक्स मोर्ट वाइजिंगर यांच्याकडे, फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न ज्युलियस श्वार्ट्झ यांच्याकडे, अशा संपादकांच्या स्वतंत्र वतनदाऱ्या होत्या आणि एका वतनातली गोष्ट दुसऱ्या वतनात क्वचितच पोहोचत असे. हे मी डीसीचा आजन्म वाचक असूनही लिहितो आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

तरीही एका बाबतीत श्रेय श्वार्ट्झ यांना द्यायलाच हवे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी आपल्या अंकांतील पत्रांखाली वाचकांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. तोवर आपल्यासारखे वेड आणखी कोणाला असेल अशी कल्पनाही नसलेली मुले आणि प्रौढ त्या पत्त्यांवरून एकमेकांना लिहू लागले, हाताने चक्र फिरवून छापलेली छोटी नियतकालिके काढू लागले, आणि त्यातून ‘चाहता’ ही एक ओळखच तयार झाली. एकट्याने जपलेली आवड वयाबरोबर विरून जाऊ शकते, पण जिच्यामुळे माणसे जोडली गेली ती आवड सोडायची म्हणजे त्या माणसांनाही सोडावे लागते.

मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांनी ही गोष्ट हेरली आणि पुष्कळ पुढे नेली. त्यांच्या अंकांतील वाचकांची पत्रे ‘प्रिय संपादक’ऐवजी ‘प्रिय स्टॅन आणि जॅक’ अशी सुरू होऊ लागली. यातले जॅक म्हणजे चित्रकार जॅक कर्बी. १९६४ मध्ये एक डॉलर वर्गणीचे वाचक मंडळ निघाले, आणि सभासद झालेल्या मुलाला ओळखपत्र आणि बिल्ला यांच्याबरोबर एक ध्वनिमुद्रिकाही मिळे, जिच्यावर कार्यालयातील मंडळी एकमेकांची थट्टा करताना ऐकू येत. तशी वाचक मंडळे जुनीच होती. सुपरमॅनचे मंडळ १९३९ पासून होते आणि त्याच्या सभासदांना गुप्त लिपीही मिळे. पण त्या मंडळात मूल सुपरमॅनचे मित्र होत असे. इथे ते प्रकाशनसंस्थेतल्या माणसांच्या घरचे झाले.

माझ्या मते सगळ्यात चलाख युक्ती ‘नो-प्राइझ’ची होती. अंकातली चूक दाखवून देणाऱ्या वाचकाला बक्षीस द्यावे लागू नये म्हणून स्टॅन ली यांनी हे नसलेले बक्षीस जाहीर केले, आणि १९६७च्या सुमारास ते प्रत्यक्ष टपालाने येऊ लागले. लिफाफ्यावर मजकूर छापलेला असे की यात आपण नुकतेच जिंकलेले अस्सल नो-प्राइझ आहे. आणि लिफाफा उघडला की आत काहीही नसे. ज्यांना विनोद कळला नाही त्यांनी आतले बक्षीस गहाळ झाल्याच्या तक्रारी केल्या, आणि ज्यांना कळला त्यांनी तो रिकामा लिफाफा चौकटीत बसवण्याइतका जपला. पुढे पुढे नुसती चूक दाखवणे पुरेसे ठरेना. ती वरवर चूक वाटली तरी मुळात चूक कशी नाही, हे पटवून देणाऱ्याला मान मिळू लागला. मागच्या अंकात नायकाच्या डाव्या हाताला जखम झाली होती आणि या अंकात पट्टी उजव्या हाताला आहे, असे समजा. मार्व्हलचा वाचक रात्रभर विचार करून लिहिणार की मधल्या काळात, आपल्याला न दाखवलेल्या एखाद्या झटापटीत, त्याचा दुसरा हातही दुखावला असणार. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर याच लिफाफ्यात आहे. प्रकाशकाच्या चुकीचे वकीलपत्र ज्याने बाराव्या वर्षी स्वतःहून घेतले, तो चाळीस वर्षांनी सुमार कथाही नेमाने वाचतो, कारण त्याच्या लेखी ती त्याच अशिलाची आणखी एक अडचण असते. आपण स्वतः विचार करून जिच्यातली भगदाडे बुजवली, ती गोष्ट काही अंशी आपण लिहिलेली असते. मग आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे ओघानेच आले.

त्या कार्ट्याला नावही ठेवलेले होते. मार्व्हलच्या पानांवर डीसीचा उल्लेख ‘ब्रँड एक्’, म्हणजे ‘छी ब्रँड’, असा हेटाळणीने होई. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिटनमधील शाळकरी मुलांना दोन अमूर्त चित्रकारांपैकी कोणता अधिक आवडतो यावरून गट पाडले असल्याचे सांगण्यात आले होते. गट खरे तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले होते, तरी पैसे वाटून देताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिलेच. इतक्या क्षुल्लक कारणाने गट बनत असेल, तर टोपणनावे, बिल्ला आणि आपली अशी खास बोली पुरवणाऱ्या संस्थेला फारसे कष्ट पडू नयेत. मार्व्हलने तर १९६७ मध्ये वाचकांना पदव्याही दिल्या : महिन्याला किमान तीन अंक घेणाऱ्यास एक, पत्र छापून आलेल्यास दुसरी, आणि नवा वाचक जोडून देणाऱ्यास आणखी वेगळी. विक्रीचे काम ग्राहकाने करावे आणि वर त्याचा अभिमान बाळगावा, अशी व्यवस्था कोणत्याही व्यापाऱ्याला हेवा वाटावा अशीच आहे.

तेव्हा मुलीला सांगावे की तो हट्ट आहे हे खरे, पण एकतर्फी नाही. समोरच्याने तो हौसेने पुरवला होता.

प्रश्न : निष्ठा संस्थेवर असते की चित्रकारावर? आवडता चित्रकार दुसऱ्या संस्थेत गेला, तर वाचक त्याच्यामागे जातात का?

उत्तर : काही जातात, पण संस्थेला पुरतील इतके जातातच असे नाही. जॅक कर्बी १९७० मध्ये मार्व्हल सोडून डीसीत गेले, तेव्हा डीसीने त्याची मोठी जाहिरात केली. तरी त्यांच्या नव्या मालिकांपैकी दोन ११ अंकांनंतर १९७२ मध्येच बंद पडल्या. त्याहून बोलकी गोष्ट पानांवरच दिसते. कर्बी यांनी काढलेला सुपरमॅनचा चेहरा डीसीच्या ठरलेल्या चेहऱ्यासारखा नव्हता, म्हणून तेवढा चेहरा दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेण्यात आला. खांदे, मुठी, आजूबाजूची यंत्रे कर्बींची आणि त्यावर बसवलेला गुळगुळीत चेहरा मात्र घरचा, असे ते विचित्र मिश्रण आजही डोळ्यांना खुपते. वाचकाला कोणता चेहरा आपला वाटेल, याविषयी संस्थेने आपल्या सर्वांत मोठ्या चित्रकारापेक्षा स्वतःच्या साच्यावर अधिक भरवसा ठेवला होता.

१९९२ मध्ये मार्व्हलच्या सात लोकप्रिय चित्रकारांनी बाहेर पडून इमेज ही संस्था काढली आणि त्यांतल्या टॉड मॅकफार्लन यांच्या ‘स्पॉन’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे १७ लाख प्रती गेल्या. त्यात पुढे भाव येईल म्हणून प्रती साठवणारेही पुष्कळ होते, त्यामुळे हा आकडा निष्ठेचा पुरावा म्हणून मी वापरणार नाही.

प्रश्न : जपानमध्येही असे एकाच प्रकाशकाचे वाचक असतात का?

उत्तर : तिथे निष्ठा बहुधा प्रकाशनसंस्थेपेक्षा साप्ताहिकाशी जडते. शूएशा या संस्थेचे ‘शोनेन जंप’ १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला त्याचा खप ६५ लाखांच्या वर गेला, पण त्याचा वाचक स्वतःला ‘जंप’चा वाचक समजतो. अंकासोबतच्या कार्डावर आवडलेल्या मालिका कळवायच्या, आणि सतत तळाशी राहणारी मालिका बंद होणार, अशी तिथली रीत आहे. मार्व्हलने वाचकाला वकील केले, तर ‘जंप’ने त्याला न्यायाधीश केले. एखादी मालिका आपल्या मतामुळे वाचली, असे ज्या मुलाला वाटते ते पुढल्या आठवड्याचा अंक चुकवील, हे संभवत नाही.

प्रश्न : बंद पडलेल्या संस्थेविषयी इतकी निष्ठा कशी टिकते? आणि दोन्ही घराण्यांच्या वाचकांचा वाद कधी प्रत्यक्ष निकाली काढला गेला आहे का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे : बंद पडलेली संस्था वाईट अंक काढू शकत नाही. ईसी या अमेरिकन प्रकाशनाने १९५३ मध्ये आपल्या वाचकांचे मंडळ स्थापन केले, १९५४ मध्ये कॉमिक्सवर व्यवसायानेच लादून घेतलेली आचारसंहिता आली, आणि १९५६ पर्यंत ‘मॅड’ हे विनोदी नियतकालिक वगळता ईसीचा संसार आटोपला. प्रत्येक चित्रकाराची ओळख करून देणारी त्याची पाने वाचलेल्यांनी पुढची कित्येक दशके ते अंक जपले आणि पुनर्मुद्रित करवून घेतले.

दुसऱ्या भागाविषयी सांगायचे, तर प्रयत्न जरूर झाला. १९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसी यांनी मिळून एक मालिका काढली. तिच्यात दोन्हीकडच्या पात्रांच्या ११ लढती होत्या आणि त्यांपैकी ५ लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोपवलेला होता. सुपरमॅनने हल्कला आणि बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला हरवले. उरलेल्या तीन मार्व्हलकडे गेल्या. त्यांतली वुल्व्हरीन आणि लोबो यांची लढत तर नीट दाखवलेलीही नाही. दोघे झुंजत मद्यालयाच्या काउंटरमागे दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने वुल्व्हरीन तेवढा वर येतो. काउंटरमागे खरे काय घडले असावे, आणि लोबो तिथे वास्तविक का हरला नाही, याची डीसीच्या बाजूने मांडलेली स्पष्टीकरणे मी आजवर बरीच ऐकली आहेत. त्यांतली दोन-तीन तरी रिकाम्या लिफाफ्याला पात्र ठरावीत, आणि त्यांपैकी एक माझेच आहे.