वाचक विचारतात: आजी डोंबिवलीत, आम्ही रावेतला

प्रश्न: ताई नमस्कार, मिस्टरांची बदली हिंजवडीला झालीय म्हणून मे मध्ये आम्ही डोंबिवलीहून पुण्याला शिफ्ट होतोय, रावेतला भाड्याचा टू बीएचके, नववा मजला. मुलगी सात वर्षांची, पहिली आत्ता संपतेय, मुलगा दीड वर्षाचा. सासूबाई इथेच राहणार, त्यांचं भजनी मंडळ, डॉक्टर सगळं इथे. मुलीला अजून काहीच सांगितलं नाहीये कारण ती आजीशिवाय झोपतच नाही. जाऊबाई म्हणतात दोघांना माहेरी पाठव आणि सामान लागलं की थेट नव्या घरात आण, म्हणजे रडारड नको. चालेल का असं? आणि अजून काय काय बघू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: आधी मुलीला सांगा, आजच. तुम्हाला वाटतंय तिला काही कळलेलं नाही, पण फोनवर ब्रोकर, डिपॉझिट असले शब्द ऐकले की पोरं बरोबर ताडतात आणि मग मनात भलतंच धरून बसतात, की आजी आजारी आहे किंवा बाबा आपल्याला सोडून चाललेत. "आजी येईल गं नंतर" असं तर अजिबात म्हणू नका. आजी इथेच राहणार हे सरळ सांगा, आणि पहिली भेट कधी ती तारीख तिच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या. सासूबाईंना जमत असेल तर सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस सोबत न्या, त्यांचं मंडळ तेवढं थांबेल. झोपेचं मात्र आत्तापासून बघा, रोज थोडा वेळ तुम्ही तिच्याजवळ पडा. आजीच्या साडीची गोधडी असेल तर ती पुण्याला जाऊ द्या आणि प्लीज धुवून नेऊ नका, वास राहू दे.

जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. पॅकिंगच्या दिवशी धाकट्याला पाठवाच, तो पायात येणार आणि तुम्ही चिडणार. मुलीला नको. तिला मैत्रिणींना बाय करू दे, रडली तर रडू दे, एक खोकं तिचं तिला भरू दे, वर स्केचपेनने नाव. ते टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा म्हणजे तिकडे पहिलं उतरेल. रावेतला गेल्यावर पहिला मुलांचा बिछाना लावा, किचन राहिलं तरी चालतं, एक दिवस बाहेरून खिचडी मागवली म्हणून काही बिघडत नाही. नव्या घरात दूध उतू घालवाल तेव्हा गॅसपाशी तिला उभं करा (थोडं लांब!), मुलांना हा प्रकार फार आवडतो.

आणि याच महिन्यात धाकट्याचं अंगावरचं दूध तोडणं, पॉटी ट्रेनिंग, मुलीची वेगळी खोली असलं काही काढू नका. मोठी मुलंसुद्धा घर बदललं की कधीकधी पुन्हा अंथरूण ओलं करतात, त्यावरून बोलू नका, आणि बरेच दिवस थांबलंच नाही तर डॉक्टरांना विचारा.

नववा मजला म्हणताय, तर ग्रिल किंवा जाळीचं मालकाशी अ‍ॅग्रीमेंटच्या आधी बोला, नंतर ते "बघू" म्हणतात. खिडकीखाली बेड, बाल्कनीत खुर्ची किंवा कुंडीचा स्टँड नको. बाथरूमची खालची कडी काढून टाका, दीड वर्षाची पोरं आतून लावून घेतात आणि मग सुतार शोधत फिरा. मे महिन्यात टँकर लागतो का हे वॉचमनला विचारा, तो खरं सांगेल. पाणी साठवावं लागलं तर बादल्या, टब झाकून उंचावर ठेवा नाहीतर बाथरूमचं दार बाहेरून बंद, एवढ्या लहान मुलाला बुडायला थोडंसं पाणीही पुरतं.

शाळेचा दाखला मागाल तेव्हा ताबडतोब देणं शाळेला बंधनकारक आहे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का तिथल्या तिथे तपासा, जूनमध्ये परत डोंबिवलीला फेरी नको. मुलाचं लसीचं कार्ड खोक्यात नाही, तुमच्या पर्समध्ये. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर 16 ते 24 महिन्यांतच असतो म्हणजे नेमका आत्ता, राहिला असेल तर पुण्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळतो.

गॅसचं कनेक्शन सासूबाईंच्या नावावर असेल तर त्याला हात लावू नका, त्यांना लागणारच आहे, तुम्ही तिकडे नवीन घ्या.