भुसावळच्या उन्हात रूळ वाकायचा धोका आधी कसा ओळखायचा?

ट्रॅकमेंटेनर म्हणून, म्हणजे रुळांच्या देखभालीच्या कामावर, नवे लागलात आणि मे महिन्यात नेमकं काय बघायचं ते विचारताय, तर पारा ४५ वर गेला की रूळ वाकतोच, हे आधी डोक्यातून काढा. सगळा सेक्शन त्याच उन्हात तापतो, वाकतो एखादाच तुकडा. तो आधीपासून कमजोर असतो.

हवा ४५ ला असते तेव्हा रूळ ६० च्या वर जातो. सलग वेल्डेड रुळाला लांबायला जागा नाही, मग सगळी वाढ दाबात जाते. डिस्ट्रेसिंग म्हणजे रूळ सोडून त्यातला ताण काढायचा आणि पुन्हा घट्ट करायचा; ते ज्या तापमानाला केलं, त्याच्या २० अंश वर मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात साधारण ३७ टन दाब साचतो. हॉट वेदर पेट्रोलिंग, म्हणजे उन्हाळ्यातली रुळावरची पायी गस्त, सुरू होते ती इथेच. थर्मामीटर रुळाच्या सावलीकडच्या अंगाला लावा आणि आठेक मिनिटं थांबा. घाई केली तर आकडा कमी येतो.

हा दाब धरून ठेवते खडी, त्यातही स्लीपरच्या (रुळाखालच्या आडव्या पट्टीच्या) टोकाबाहेरची. सावदा-रावेरकडे केळीच्या मळ्यात जाणारी माणसं-गुरं जिथे रूळ ओलांडतात, तिथे ती घसरून गेलेली असते. स्लीपरचं टोक उघडं दिसलं की खांब नंबर लिहून घ्या. फाटकाची, पुलाची टोकं आणि वळणंही बघा. नुकतं टॅम्पिंग झालेली, म्हणजे स्लीपरखाली ठोकून भरलेली, खडी गाड्या जाऊन बसेपर्यंत अर्धवटच धरते. म्हणून तर डिस्ट्रेसिंगच्या १० अंश वर रूळ असेल तर तिला हात लावत नाहीत.

सगळ्यात फसवी जागा मात्र रजिस्टरात सापडते. थंडीत रूळ तुटतो, तोंडं समजा ३० मिलिमीटर फाकतात. फट भरून वेल्ड केलं की तेवढं लोखंड जास्तीचं झालं. नंतर डिस्ट्रेसिंग राहून गेलं असेल तर मे महिन्यात पहिला नंबर त्याच जागेचा. मेटकडून (गँगच्या मुकादमाकडून) हिवाळ्यातल्या फ्रॅक्चरची यादी मागा; मी तर सुरुवात तिथूनच करायला सांगेन.

भर दुपारी खाली वाकून रुळाच्या कडेवर नजर लावा. बारीकशी नागमोड किंवा स्लीपरच्या टोकाशी खडीत नवी फट दिसली, तर ‘ही गाडी जाऊ दे, मग बघू’ अजिबात नको. चाकांच्या पुढे रूळ किंचित उचलतो, स्लीपर खडीवर हलका होतो, आणि बरेचदा रूळ वाकतो तो गाडीखालीच. लाल झेंडी दाखवत, येणाऱ्या गाडीच्या दिशेने निघा; त्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर एक डिटोनेटर (चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारा फटाका), १२०० वर दहा-दहा मीटरने तीन. स्टेशनला फोन जोडीदाराने करावा, तुम्ही थांबू नका.