घेऊ का, काका?

कोल्हापूर, रविवार दुपार

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "घेऊ का काका? चौदा हजार म्हणतोय. मी नाही घेतली तर दुसरं कोण तर उचलतंय." खाली फोटो. सात इंची अमेरिकन सिंगल, म्हणजे बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, डेट्रॉइटचा साठच्या दशकातला सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं गाणं, मधे रुपयापेक्षा मोठं भोक, लेबलवर कुणीतरी बॉलपेननं नाव लिहून नंतर खोडलेलं. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. रात्री घेतलेल्या रेकॉर्डी सकाळी महाग वाटतात. शिवाय मला जे सांगायचंय ते फोनवर दोन ओळींत बसेना, म्हणून कागद घेतला.

घेऊ नकोस.

बोनस तुझा आहे, तो कुठंही उडव, माझं काही म्हणणं नाही. पण ती वाजवणार कशावर? आजोबांच्या फिएस्टावर? एचएमव्हीचा फिएस्टा हा जुना रेकॉर्ड प्लेअर म्हणजे घरातलं लाडकं म्हातारं. त्याचा मान राखावा, पण त्याची पिन रेकॉर्डवर चांगलाच भार टाकते. आजच्या बऱ्या टर्नटेबलची पिन दोन ग्रॅमच्या आसपास टेकते. त्यात अमेरिकेत त्या काळी कितीतरी सिंगल व्हिनाइलच्या नव्हत्याच, पॉलिस्टायरीनच्या असायच्या. नखानं टिचकी मारली की डब्याच्या झाकणासारखा टक् आवाज येतो. असल्या सिंगलवर जड पिन थोडे दिवस फिरली की गाण्यात वाळू पडते, आणि ती कुठल्याच साबणानं निघत नाही.

विकणारा रेकॉर्डीची हालत 'व्हीजी प्लस', म्हणजे 'व्हेरी गुड प्लस' म्हणतोय. या धंद्यात 'व्हेरी गुड'चा अर्थ चरचर गृहीत धरा, असा आहे. व्हीजी प्लसला हरकत नाही, पण ते ठरवलं कोणी? त्यानंच. मी एकदा असाच टपालानं फसलोय. फोटोतल्या लेबलवर चहाचा डाग होता आणि घरी आलेली रेकॉर्ड डागाशिवाय, कोरी करकरीत. आधी मला आनंदच झाला, बघ. दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला की फोटो एका रेकॉर्डीचा आणि पार्सल दुसरीचं, तेही नंतर काढलेल्या प्रतीचं. तेव्हापासून मी रनआउटचा फोटो मागतो. आमच्या उद्यमनगरात लेथवर जॉब डगमगला की त्याला रनआउट म्हणतात. रेकॉर्डवाले शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्याला म्हणतात. तिथं मॅट्रिक्स नंबर कोरलेला किंवा ठोकलेला असतो. कव्हर नवं छापता येतं, लेबलही छापता येतं, पण त्या पट्ट्यात ती तबकडी कुठल्या साच्यातून निघाली ते लिहिलेलं असतं. नंबराशेजारी बारीक त्रिकोण दिसला तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली, असल्या खुणा हळूहळू पाठ होतात.

पण समज, पिन चांगली आहे, विकणारा सज्जन आहे, नंबर जुळतोय. तरी मी नकोच म्हणेन.

तू ज्या रेकॉर्डींच्या मागं लागलीस त्यांना भाव कुठून आला ते बघ. उत्तर इंग्लंडातल्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतल्या पोरांना अमेरिकेत आपटलेल्या, जलद ठेक्याच्या सोल सिंगलचं वेड लागलं. डेव्ह गॉडिन या पत्रकारानं १९७० च्या सुमारास त्याला 'नॉर्दर्न सोल' नाव दिलं. विगन कसिनो हा नाचाचा क्लब त्यांचा आखाडा, तो १९७३ ते १९८१ चालला. रात्रभर नाच, दारू नाही, आणि पाय सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर. आपल्या तालमीत मातीत हळद, ताक, लिंबू घालतात, तसंच म्हण की! डीजे लोक तर हातातल्या दुर्मिळ सिंगलचं लेबल झाकून भलत्याच गायकाचं नाव सांगायचे, दुसऱ्या डीजेला पत्ता लागू नये म्हणून. फ्रँक विल्सनची १९६५ ची एक सिंगल डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीनं काढली आणि बाजारात न आणताच जवळजवळ सगळ्या प्रती मोडीत घातल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींतली एक २००९ साली २५ हजार पौंडांच्या वर गेली.

या शर्यतीत तू पन्नास वर्षं उशिरा उतरतेस, तेही राजारामपुरीतून, वर टपालखर्च आणि कस्टम भरून. त्या पोरांनी त्या रेकॉर्डी चौदा हजारांना घेतल्या नव्हत्या. कुणाला नको असलेल्या ढिगातून स्वतःच्या कानानं काढल्या होत्या. आता तू त्यांची यादी विकत घेणार. यादीचं काय करायचं? ती गाणी फोनवर फुकट ऐक, रोज ऐक, त्यांच्याकडून कान तयार करून घे. आणि रेकॉर्डी गोळा कर त्या आपल्या रस्त्यावरून गेलेल्या.

कान तयार करणं म्हणजे काय, तेही सांगतो. गायकाच्या मागं कोण आहे ते ऐकायचं. मोटाऊननं १९७१ पर्यंत आपल्या वादकांची नावं कव्हरवर छापली नव्हती. जेम्स जेमर्सन हा त्यांचा बेसवाला उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. त्याचं नाव ठाऊक नसलेल्या लाखो लोकांनी त्याच्यावर पाय हलवले. फिलाडेल्फियाचा अर्ल यंग ड्रमवर बसला की किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, सरळ चार मात्रांवर चालते आणि हाय-हॅटच्या झांजा मधल्या जागा भरतात. डिस्कोचा ठेका तिथं पक्का झाला. तुला हे शिकवायलाच नको. तू गणपतीत मामाच्या डॉल्बीच्या ट्रॅक्टरवर वाढलीस. बेस छातीत कुठं लागतो आणि कुठं नुसती भिंत हलते, हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळतं.

आता तोच बेस खोबणीत कसा बसतो ते बघ. हा माझा प्रांत, थोडं लांबलं तर चालवून घे. रेकॉर्डीचा पहिला साचा लेथवरच कापतात. लॅकरचा थर दिलेली अॅल्युमिनियमची तबकडी फिरते, टूल कडेकडून आत सरकतं, मागं केसासारखा बुरा निघतो आणि तो हवेनं ओढून घेतात. जोरकस बेस आला की टूल आडवं जास्त हलतं, म्हणून शेजारच्या दोन खोबणींत अंतर जास्त लागतं. म्हणजे पिच वाढवायचं. पिच वाढलं की एका बाजूला कमी मिनिटं मावतात. एलपीच्या एका बाजूला पंचवीस-सव्वीस मिनिटं कोंबली की आवाज उतरवावा लागतो, बेस छाटावा लागतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कात टॉम मोल्टन नावाचा मिक्सवाला सिंगल कापून घ्यायला गेला, तर सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. कापणाऱ्यानं दहा इंचीवर काम काढलं. एवढ्या मोठ्या तबकडीवर एवढीशी पट्टी वेडगळ दिसेल म्हणून खोबणी पसरल्या, आवाज वाढवला. वाजवून बघितलं तर दोघं उडालेच. त्यातून बारा इंची सिंगल आली, आणि १९७६ साली साल्सोल कंपनीनं ती पहिल्यांदा दुकानात विकायला ठेवली. नाचाच्या रेकॉर्डीचं सगळं अंग या एका टंचाईतून घडलं. म्हणून बाजारात बारा इंची दिसली की आधी उजेडात तिरकी धर. पसरलेल्या खोबणी डोळ्यांना दिसतात. जिथं गाणं थांबून नुसता ठेका उरतो, तिथला पट्टा वेगळा चमकतो. जुन्या डीजेच्या प्रतीत नेमका तोच पट्टा घासून राखाडी झालेला असतो.

आपल्या रस्त्यावरून काय गेलं, असं विचारशील. संगीतकार बिद्दू गेला. बंगळूरचा पोरगा, इंग्लंडला गेला आणि १९७४ मध्ये कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं. १९८० च्या 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं त्याचंच, पुढच्या वर्षीचं 'डिस्को दीवाने'ही त्याचंच. या रेकॉर्डी कोल्हापुरात माळ्यांवर अजून पडून आहेत. लोक त्यांना 'आईच्या रेकॉर्डी' म्हणतात आणि विचारलं की लाजतात. तू लाजू नकोस. त्यातली व्हायोलिनं ऐक आणि मग फिलाडेल्फियाची ऐक, नातं कळेल.

आणि एक माझ्या मूर्खपणाची गोष्ट. नव्वदच्या दशकात सगळं गाव कॅसेटवर गेलं होतं आणि रेकॉर्डी भंगारात निघत होत्या. लक्ष्मीपुरीत एका भंगारवाल्याच्या पोत्यात एचएमव्हीची एक एलपी हाताला लागली. चरणजित सिंग, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग, १९८२. मी कव्हर वाचून मोठ्यानं हसलो. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात भैरव आणि ललित डिस्कोवर! तीस रुपये म्हणाला. मी परत पोत्यात टाकली. तो सिनेमाच्या वाद्यवृंदातला माणूस, मुंबईत बसून रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं जोडून राग वाजवत होता. त्यातलं एक, बेस काढणारं टीबी-३०३, पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी पिळून नवंच नृत्यसंगीत काढलं. त्यांना याचा पत्ता नव्हता, याला त्यांचा नव्हता. २०१० मध्ये ती एलपी हॉलंडहून पुन्हा निघाली, तेव्हा मी ती ऐकली आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. पैशाचं दुःख नव्हतं, हो. मी ती ऐकलीसुद्धा नाही, लेबल वाचून निकाल दिला.

तर चौदा हजारांचं असं कर. निम्म्यात एक बरी सेकंडहँड टर्नटेबल बघ. घेण्याआधी मला दाखव, मी बेअरिंग हातानं फिरवून सांगतो. थोडे पिनसाठी ठेव. उरलेले रविवारसाठी. लक्ष्मीपुरी, मग महिन्यातून एकदा पुण्याचा जुना बाजार, कधी मुंबईला गेलीस तर चोरबाजार. रेकॉर्ड हातात घेतली की भोक मध्यावर आहे का बघ. आपल्याकडच्या प्रतींत ते पुष्कळदा सरकलेलं असतं आणि लांबलेला सूर डुलायला लागतो. कव्हर फाटकं असलं तर घासाघीस कर, खोबणी फाटकी असली तर ठेवून दे.

धुण्याबद्दल एवढंच, की घासायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा माझ्या मित्राची तीन खोकी तळमजल्यावर होती. कव्हरं फुगून पुठ्ठ्याचा लगदा झाला, खोबणींत पंचगंगेचा गाळ. त्यानं पहिली रेकॉर्ड फडक्यानं पुसली आणि ती कायमची गेली. गाळ म्हणजे पॉलिश पेपरच. बाकीच्या आम्ही बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण टाकून, लेबल पाण्याबाहेर धरून नुसत्या फिरवल्या आणि भांड्यांच्या जाळीत उभ्या वाळवल्या. ऐंशीवर वाचल्या. ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डींना मात्र स्पिरिट लावू नकोस, लाख विरघळते. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्या कव्हरांना हवा दाखव, आपल्या गावची बुरशी कुणाची भीड ठेवत नाही.

एवढं वाचूनही ती सिंगल घेणारच असलीस तर त्याच्याकडून रनआउटचा फोटो माग, आणि खोडलेलं नाव दोन्ही फोटोंत सारखं आहे का ते बघ. फिएस्टावर लावू नकोस, माझ्याकडं घेऊन ये. मोठ्या भोकाला अडॅप्टर लागतो. काल वर्कशॉपात नायलॉनचा तुकडा शिल्लक होता, त्यातून ३८ मिलिमीटरचा एक टर्न करून ठेवलाय. कडेला बर, म्हणजे कापल्याची खरखरीत धार, राहिली होती, तीही काढली. बुधवारी संध्याकाळी ये.

तुझा,
काका